रुफिनाला पाणी देणारी करवंटी

मी एक जुनी करवंटी आहे, मित्रांनो. नारळाची नव्हे हो, हिकारोच्या फळाची. आमच्या होंडुरासच्या डोंगरात ही झाडं कुंपणाकुंपणाला उभी असतात आणि त्यांना फळं थेट खोडावरच लागतात. आत्ता मी एर्लिंदा नावाच्या म्हातारीच्या मांडीवर बसले आहे. माझ्यात ओंजळभर तांबडी माती भरली आहे. थोड्या वेळाने या मातीसकट मला पुरतील, म्हणून सांगायचं ते आत्ताच सांगून टाकते.

मला झाडावरून काढलं उर्सुला नावाच्या सुईणीने. तिने मला मधोमध कापलं, आतला गर खरवडला, उकळत्या पाण्यात टाकलं आणि मग चुलीच्या धुरावर टांगलं. एवढे हाल झाले की करवंटी टिकते. त्याच फळाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे माझी जुळी बहीण, मक्याची पेज प्यायला घरात राहिली. मला मात्र उर्सुलाने वेगळं ठेवलं. माझं काम एकच होतं, आणि ते काही फार आनंदाचं नव्हतं.

आमच्या गावात देऊळ होतं, पण पाद्री नव्हता. तो वर्षातून एकदा, जत्रेला, घोड्यावरून यायचा. मग जन्मतःच निळं पडलेलं लेकरू जत्रेपर्यंत थांबेल कसं? अशा वेळी सुईणीने करवंटीत पाणी घ्यायचं, लेकराच्या कपाळावर ओतायचं आणि नाव उच्चारायचं. झाला बाप्तिस्मा. लेकरू जगलंच, तर जत्रेला बापाने आणि धर्ममाता-पित्यांनी त्याला देवळात न्यायचं. तिथे पाद्री तेल लावायचा आणि वहीत नाव घालायचा. ज्याला कोणी नेलंच नाही, त्याला आमच्याकडे ‘मोरा’ म्हणतात. मोरा मेला की त्याला स्मशानाच्या भिंतीबाहेर पुरतात.

माझ्या पाण्याखालून गेलेली बहुतेक कपाळं गार होती, मित्रांनो. बाया म्हणायच्या, "उर्सुलाची करवंटी लागली ना, आता पोर सरळ वर जाईल." काय ते कौतुक! मला वाटायचं, एखादं तरी खाली राहू दे गं बाई.

एक राहिलं. तिचीच ही गोष्ट.

गावात क्रेसेन्सियो लेमुस नावाचा एक खेचरवाला होता. त्याची बायको पेत्रोना. त्यांची पहिली मुलगी रुफिना चांगली गुटगुटीत होती. तिला जत्रेत नेलं, तेल लावलं, वहीत घातलं. आठ महिन्यांची झाली आणि तापाने गेली. तिला भिंतीच्या आत पुरलं आणि तेही वहीत लिहिलं गेलं.

आमच्याकडे गेलेल्या लेकराचं नाव पुढच्या लेकराला देतात. नाव रिकामं पडू नये, असं म्हणतात. पेत्रोनाला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती पोटावर हात ठेवून आधीच हाक मारायची, "रुफिना, ए रुफिना."

बाळंतपण भर दुपारी झालं. रक्त थांबेना. पोर बाहेर आली ती निळी, आवाज नाही की हालचाल नाही. उर्सुलाने मला रांजणात बुडवलं आणि ओरडली, "नाव सांग पेत्रोना, लवकर!"

"रुफिना."

"अगं, ती तर..."

"रुफिनाच म्हटलं ना!"

उर्सुलाने मला कलंडवलं. पाणी कपाळावर पडलं आणि पोरीने असा काही टाहो फोडला की अंगणातली कोंबडी उडाली. पेत्रोनाने तो ऐकला. हसलीसुद्धा थोडी. मग तिने डोळे मिटले ते मिटलेच.

चार महिनेही झाले नसतील, क्रेसेन्सियोने हासिंताशी दुसरं लग्न लावलं. हासिंताने घरात पाऊल टाकायच्या आधीच बजावलं, "मेलेलीची पोर माझ्या चुलीशी नको." क्रेसेन्सियो उर्सुलाकडे आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "काही दिवस ठेव तिला. जरा घडी बसली की नेतो." ती घडी काही बसली नाही.

त्या वर्षी जत्रेला पाद्री आला तेव्हा उर्सुला त्याच्यापुढे गेली. वर्षभरात कोण कोण गेलं ते तिनेच सांगायचं असे. मी तिच्या शालीच्या गाठीत होते. पेत्रोनाचं नाव निघालं तसं त्याने विचारलं, "मागे कोण?"

"एक पोर आहे, रुफिना. मीच पाणी दिलं."

"बरं केलंस. पुढच्या वर्षी बापाला आणि धर्ममाता-पित्यांना घेऊन ये. तेल लावू." बोलता बोलता त्याची लेखणी कागदावर खरखरत होती.

पुढच्या वर्षी बाप खेचरं घेऊन किनाऱ्याकडे गेला होता. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र तो देवळात पहिल्या रांगेत होता, हासिंताचा मुलगा हातात घेऊन. त्या मुलाला तेल लागलं. क्रेसेन्सियोला दाराशी उर्सुला दिसली, तिच्या कडेवरची रुफिना दिसली, आणि त्याने मान फिरवली. करवंटीला राग येत नाही असं समजू नका. मला आजही येतो.

रुफिना उर्सुलाकडे वाढली. पोरं मागे लागायची, "मोरा, मोरा, रस्त्यावरची!" क्रेसेन्सियो मेला, पुढे उर्सुलाही गेली. मग खरं काय ते सांगणारं कुणी उरलं नाही, आणि सुईणीने ही पोर रस्त्यावर उचलली, हेच खरं ठरलं. उर्सुलाने मरताना मला रुफिनाच्या हातात दिलं होतं. रुफिनाने पुढे आपल्या मुलीला, या एर्लिंदाला सांगितलं, "हिच्यातलं पाणी मला मिळालंय. मी मोरा नाही." पण घरात बोलून काय होतं?

रुफिना गेली तेव्हा एर्लिंदा पंचविशीची होती. स्मशानाचा कारभार लेमुसांकडे. हासिंताचा तोच मुलगा आता बाप्या झाला होता. तो फाटकात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "मोरा आत नाही." मग भिंतीबाहेर, नदीकडच्या उतारावर खड्डा खणला. एर्लिंदा रडली नाही. तिने फक्त भिंतीपासून खड्डा किती लांब आहे ते डोळ्यांत साठवून ठेवलं.

माझेही दिवस फिरले. घरात प्लास्टिकचे पेले आले, मला तडा गेला, कुणीतरी तो दोऱ्याने शिवला. शेवटी मी कोंबड्यांच्या दाण्यात पडले. तिथून सगळं ऐकू यायचं, तेवढं एक बरं होतं.

तो उतार दर पावसाळ्यात थोडा थोडा खचायचा. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी एर्लिंदा फुलं घेऊन जायची आणि परत आली की म्हणायची, "अजून एक वीत गेला." ऐंशी उलटल्यावर तिला एकच ध्यास लागला. नदीने न्यायच्या आत आईची हाडं भिंतीच्या आत, पेत्रोनाशेजारी आणायची. ती कारभाऱ्याकडे गेली. आता कारभारी होता एवारिस्तो, फाटकात उभ्या राहिलेल्या त्या मुलाचा मुलगा. तो अंगणात आला तेव्हा एर्लिंदाने मला दाण्यातून उचलून त्याच्या नाकासमोर धरलं.

"हिनेच पाणी दिलंय माझ्या आईला."

"मग सांग की तिला बोलायला!" एवारिस्तो हसला. "हे बघ म्हातारे, मी काही वाईट माणूस नाही. कागद आण. क्रेसेन्सियो आजोबांची पोर होती आणि बाप्तिस्मा झाला होता, एवढं कागदावर दाखव. मी स्वतः फावडं घेऊन येतो."

एर्लिंदाची नात यादिरा शहरात कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. गावच्या जुन्या वह्या तिथेच, बिशपच्या वाड्यात नेऊन ठेवलेल्या. शनिवारी तिथे बसायला मिळतं. यादिरा शनिवार-शनिवार बसू लागली. एक दिवस फोनवरून तिचा आवाज फुटून बाहेर आला, "आजी, सापडली! रुफिना, क्रेसेन्सियो लेमुस आणि पेत्रोनाची मुलगी. देवळात बाप्तिस्मा, तेल, सगळं!"

एर्लिंदा फोन कानाला तसाच धरून बसली. हसू की रडू तिला कळेना. मला वाटलं, मी तडकणार. ती पहिली गं, पहिली! पण मला तोंड कुठे आहे?

पुढच्या शनिवारी पुन्हा फोन आला, आवाज अगदी बारीक. "आजी, ती आठ महिन्यांची असताना गेली. दफनाच्या वहीत आहे."

एवारिस्तोच्या कानावर जायला किती वेळ लागतो? तो कुंपणापाशी थांबून म्हणाला, "आठ महिन्यांची मेलेली पोर तुला जन्म देऊन गेली होय? ऐकावं ते नवलच!" एर्लिंदा आत गेली आणि दोन दिवस जेवली नाही. तिच्या मनातही शंका शिरली असेल का? आपली आई खरंच रस्त्यावरची होती का? त्या दोन दिवसांचा विचार मला अजून सोसत नाही.

पावसाने जोर धरला. यादिरा मात्र चिवट निघाली. फोनवर म्हणाली, "आजी, रुफिनाच्या मागे लागून मी फसले. आता तुझ्या त्या आजोबाची लग्नंच काढते एकेक." तिने क्रेसेन्सियोचं पहिलं लग्न शोधलं, मग दुसरं. दुसऱ्याच्या नोंदीत लिहिलं होतं, ‘पेत्रोनाचा विधुर’. म्हणजे पेत्रोना त्याआधी गेली. पण कधी आणि कशाने? ते पान कुणी उघडलंच नव्हतं. सगळे लेकराला शोधत होते, आईकडे कोण बघतंय!

त्या शनिवारी यादिरा स्वतः आली. घाटात दरड पडल्यामुळे बस अर्ध्यातच थांबली होती. तिथून ती चालत आली, गुडघ्यापर्यंत चिखल. पोलक्यात जपून ठेवलेली झेरॉक्स तिने काढली आणि उभ्या उभ्याच वाचली, "पेत्रोना, क्रेसेन्सियो लेमुसची बायको, बाळंतपणात मृत. मागे एक मुलगी, रुफिना, सुईण उर्सुलाच्या हातून पाणी मिळालेली." मग तिला दम धरवेना. "आजी, तारीख बघ! पहिली रुफिना मेल्यावर दोन वर्षांनी! दोन होत्या गं, दोन रुफिना! तुझी आई दुसरी!"

एर्लिंदाने कागद घेतला. तिला वाचता येत नाही. तिने त्यावरून नुसता हात फिरवला.

"उतार गुरुवारी गेला, बाळ," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"गेला. भिंतीच्या पायथ्यापासून सगळा. नदीत."

यादिरा चिखलाच्या पायांनी तशीच खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मीही रडले असते. ज्या कपाळावर मी पाणी ओतलं, ते आता कुठल्या वाळूत असेल कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी एवारिस्तो आला, खांद्यावर फावडं घेऊन. त्याने झेरॉक्स वाचली, पुन्हा वाचली आणि टोपी काढली. "म्हणजे रुफिना माझी आत्या."

"हो. आणि तू माझा मामेभाऊ. फार लवकर झालास!"

"बाबा म्हणायचे ते मी खरं धरलं, ताई."

"आता ताई म्हणतोस. आणि फावडं कशाला आणलंस रे? काय खणणार आहेस? जा, नदीला विचार."

तो फावडं तिथेच टाकून निघाला. भिंतीपर्यंत गेला, तुटलेल्या कडेवर पोटावर आडवा झाला, हात खाली घातला आणि उताराची उरलेली माती मुठीने खरवडून काढली. चिखलाने माखून परत आला तेव्हा त्याने विचारलं, "ही कशात ठेवू, ताई?"

एर्लिंदाने इकडेतिकडे पाहिलं आणि मला दाण्यातून उचललं. रांजणाच्या पाण्याने मला आतबाहेर धुतलं. किती वर्षांनी मला स्वच्छ पाणी लागलं! मग तिने ती माती माझ्यात घेतली.

तेव्हापासून मी तिच्या मांडीवर आहे, मित्रांनो. पेत्रोनाशेजारी छोटा खड्डा तयार आहे. मला एवढंच म्हणायचंय, की तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याच्यापाशी बसा आणि नावं विचारा. जगलेल्यांची विचारा, पाळण्यातच गेलेल्यांचीही विचारा, आणि कोण कुणाच्या पोटचं तेही विचारा. आज विचारा. उद्यावर टाकलं तर काय होतं ते तुम्ही ऐकलंतच.

एवारिस्तो समोर लाकडी क्रूस रंगवतोय. पेत्रोनाचं नाव झालं. त्याखाली त्याने रुफिना लिहिलं आणि कुंचला डब्यात ठेवला.

"झालं, ताई?"

"नाही झालं," एर्लिंदा म्हणाली. "दोघी आहेत. दोनदा लिही."