रुक्मिणीच्या साडीआड

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि माणसांनी मला एका सकाळपुरतं देव केलं होतं. त्याची किळस अजून माझ्या अंगावरून जात नाही.

वरूडजवळच्या एका संत्र्याच्या पॅकिंग कारखान्यात मी राहतो. नवा होतो तेव्हा माझं केवढं कौतुक! दसऱ्याला झेंडूचा हार, कुंकू, पेढ्याचा नैवेद्य. शीतगृहातला गारवा मीच राखायचो, आजही मीच राखतो. रोज सकाळी मुनीम केशवराव माझ्यावर कीर्तन लावायचे. टाळ वाजू लागले की संत्री निवडणाऱ्या बायकांचे हात लयीत चालत. तुम्ही हसाल, पण माझा पंखासुद्धा ठेक्यात फिरतो, असं मला वाटे.

पुढे कचेरीत नवे संगणक आले, मग कुणी माझ्याकडे बघेना. जाळीत धूळ आणि सालींचा चिकटा साचला. मी इतका जुना झालो, की मला बनवणाऱ्यांनीच माझी सुरक्षेची डागडुजी पाठवणं थांबवलं. पासवर्ड 'संत्रा'. तो हमालांनाही पाठ! बाहेरचा पेनड्राइव्ह आधी तपासायचा, असा नियम होता. पण कौंडण्यपूरच्या यात्रेतून आलेला कीर्तनाचा पेनड्राइव्ह दहा घरं फिरून सरळ माझ्यात घुसायचा. मालक मनोजराव म्हणायचे, "देवाच्या नावाले का कीड लागते?" नावाला नाही लागत हो! पण त्याच पेनड्राइव्हवर बसून आलेली कीड माझ्या पोटात बिऱ्हाड करून राहिली. शी!

यंदा मुंबईच्या मोठ्या खरेदीदाराचा निरोप आला. सरकारी नियम कडक झाले होते, आणि माहितीचा चोर मोठ्या घरात शिरतो तो आमच्यासारख्या माल पुरवणाऱ्यांच्या मागच्या दारानं. म्हणून प्रत्येकाच्या संगणकांची तपासणी होणार होती. त्यात जो खरा उतरेल, त्याचाच माल घेणार.

निवडणाऱ्या बायकांची मुकादम गंगूबाई. ती सगळ्याजणींना सांगत होती, "पास झालो तं संक्रांतीपरेंत काम हाय, बायांनो!"

तपासणीच्या सकाळी मनोजराव माझ्यासमोर उभे राहिले. "ह्या खटाऱ्याले बंद करा, मुनीमजी."

"बंद केला तं गारवा गेला, मालक. आतला माल सडन."

"मंग झाका त्याले! देव्हाऱ्यात सरकवा."

कोपऱ्यात रुक्मिणीमातेचा देव्हारा होता. हंगाम सुरू होताना गंगूबाई मातेला तिच्या माहेरून, कौंडण्यपूरहून, हिरवी साडी आणते. तीच साडी ओढून माझ्यावर पांघरली. मातेची तसबीर माझ्या डोक्यावर ठेवली. कीर्तनात ज्यांचे डोळे भरून येतात, त्या केशवरावांनीच साडीचं टोक धरलं होतं. माझी धूळ मातेच्या पदराला लागली, आणि मला वाटलं, असं राहण्यापेक्षा भंगारात गेलेलं बरं.

अकोल्याहून तपासायला प्रतीक्षाताई आल्या. त्यांनी नवे संगणक बारकाईनं पाहिले. "एवढेच?"

"एवढेच, ताई. रुक्माईची आण!" मनोजराव म्हणाले.

ताईंनी मान डोलावली आणि निघताना सहज देव्हाऱ्याला माथा टेकवला. टेकवला तसा झटकन उचलला. "देव्हारा गरम कसा? आणि घरघर कशाची?"

"नंदादीपाची ऊब असन."

"दिवा तर विझलाय, साहेब."

ताईंनी आधी हात जोडले, तसबीर उचलून बाजूला ठेवली, मग साडी सारली. मी तिथं उघडा, चिकट, घरघरत बसलेलो.

"जुना आहे म्हणून सांगितलं असतं, तर 'याला इंटरनेटपासून तोडा, वेगळा ठेवा, बदलायला मुदत घ्या' एवढंच लिहिलं असतं मी. आता 'लपवला' असं लिहावं लागेल."

"बाई, आमचा माल?" गंगूबाईनं विचारलं.

"ते आता माझ्या हातात नाही, मावशी."

गंगूबाई मालकाकडे वळली. "मायच्या साडीत लबाडी गुंडाळली? आमाले सांगतलं असतं, तं गारवा बंद करून आमी पदरानं वारा घातला असता संत्र्याले!"

खरेदीदारानं यंदाचा माल दुसरीकडून घेतला. निवडीचा पट्टा थांबला आहे. बायका घरी आहेत. गंगूबाईनं ती साडी विहिरीवर नेऊन धुतली. पण मातेला पुन्हा वाहिली नाही. घडी घालून घरी नेली. "हे आता तिले कसं देऊ?" म्हणाली.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, पासवर्ड बदला, कीर्तनाचाही पेनड्राइव्ह तपासून घ्या. आणि यातलं काहीच जमलं नसेल, तर निदान मला उघड्यावर राहू द्या. मी जुना आहे, मळका आहे; त्याची मला लाज नाही. लाज वाटते ती साडीविना राहिलेल्या देव्हाऱ्याकडे पाहताना.