घमेल्याखालचा तुकडा

मी पोचले तोवर मावशीने काडीला आंघोळ घातली होती.

मागच्या फरशीवर जुनी चादर अंथरून तिच्यावर त्या मेलेल्या कुत्रीला निजवलं होतं. अंगाला साबणाचा वास, कान पुसून कोरडे केलेले. तोंडावर फेस नाही, फरशीवर ओकारी नाही. सगळं अंगण फिनेलने लख्ख. मावशी पायरीवर बसून फडकं पिळत होती. त्यातलं पाणी संपलं होतं, तरी पिळत होती.

"ओकारी कुठे होती?" मी विचारलं.

"धुतली."

"सगळी?"

"मग काय घाणीत ठेवू तिला? चार घरचं खाऊन माझ्याच दारात मरायला आली बिचारी. शेवटचं एवढं तरी नको करू?"

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. आमच्याकडे नमुने बाटलीतून येतात आणि बाटलीचं झाकण सैल असलं तरी आम्ही परत पाठवतो. इतक्या मायेने पुसून टाकलेला नमुना मी पहिल्यांदाच बघत होते.

गल्लीत जनावर असं मरण्याची ही पहिली वेळ नव्हती. कोपऱ्यावरची दोन पिल्लं गेली, मग बोका गेला. प्रत्येक वेळी कुणीतरी हळहळलं, कुणीतरी झाडून टाकलं आणि विषय संपला. तक्रार एकदाही झाली नाही. आता गल्लीत एकटा लंगड्या उरला होता. मावशीने त्याला मोरीत बांधून ठेवलं होतं आणि तो दार खरवडत होता. आजही काही नोंदलं गेलं नाही, तर पुढचा नंबर त्याचा होता.

मी बाहेर शोधायला गेले. आमची पायरी आणि शेजारच्या मॅनेजरची गाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, गटाराच्या कडेला मांसाचा एक गोळा पडला होता. बाजूने दातांच्या खुणा. मी गुडघ्यावर बसून बघितलं. मुंग्यांची रांग गोळ्यापर्यंत जात होती, तिथून परत येणारी मात्र एकही दिसत नव्हती. गोळ्याभोवती काळ्या ठिपक्यांचं कडं झालं होतं आणि ते ठिपके हलत नव्हते.

मी घमेलं आणून त्यावर पालथं घातलं, वर वीट ठेवली.

"उचल ना ते," मावशी दारातून म्हणाली. "तुझ्या लॅबमध्ये ने. संध्याकाळपर्यंत कळेल."

"कळेल. पण फक्त मला कळेल. उद्या कुणीही म्हणेल, हिनेच आणलं, हिनेच विष लावलं, हिनेच तपासलं. पोलिसांनी इथून उचललं तरच त्याला अर्थ आहे."

"तुला पुरावा हवाय. मला तो माणूस हवाय."

"मलाही तोच हवाय, मावशी."

खरं तर माझे हात शिवशिवत होते. पाण्यात मिसळलेलं कीटकनाशक पकडणारं यंत्र आमच्याकडे आहे, ते चालवते मीच. एक चिमूटभर तुकडा, बस. कुणाला पत्ताही लागला नसता. मी घमेल्यापासून थोडी लांब सरकून बसले.

"आणि काडीला जनावरांच्या दवाखान्यात न्यावं लागेल," मी म्हणाले. "पोट उघडून बघतील. तू बाहेरून धुतलीस, आतलं अजून आहे."

मावशी माझ्याकडे बघतच राहिली. "मेल्यावर चिरायची? लिंबाखाली खड्डा काढून ठेवलाय मी. ऊन चढायच्या आत तिला ठेवायचंय तिथे. तू शिकलीस ते असलं बोलायला?"

तिने आत जाऊन दार लोटून घेतलं.

पोलीस चौकीला मी आधीच फोन केला होता. तिकडचा माणूस म्हणाला, "कुत्रं मेलं असेल तर पालिकेला कळवा." मी म्हटलं, "मेलं नाही, मारलंय. हा गुन्हा आहे, तुम्हाला नोंदवावा लागेल." तो म्हणाला, "पाठवतो कुणाला तरी." त्या कुणालातरीची वाट बघत मी पायरीवर बसले.

शेजारच्या खिडकीतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. मॅनेजरची बायको, जिला सगळी गल्ली मॅनेजरीणबाई म्हणते, दुकानांसाठी पिशव्या आणि दप्तरं शिवते. माझ्या डब्याच्या पिशवीचा बंद तिनेच जोडून दिला होता, मेण लावलेल्या जाड हिरव्या दोऱ्याने. "पिशवी फाटेल, पण हा बंद नाही तुटायचा," असं म्हणाली होती.

थोड्या वेळाने मॅनेजर स्वतः केरसुणी घेऊन बाहेर आला. बँकेतून निवृत्त झाला असला तरी सगळी गल्ली आपली शाखा असल्यासारखा तो वागतो.

"हे काय मांडून ठेवलंय? माझ्या गाडीला वास लागेल. बाजूला हो, मी साफ करतो."

"काका, पोलीस येतायत. तोपर्यंत हात नका लावू."

"कुत्र्यासाठी पोलीस?" तो हसला. "अगं, टपावर चढून ओरखडे काढायची ती, तेव्हा मी बोलावले का पोलीस?"

"बोलवायचे होते. तेही आले असते."

कोपऱ्यावर हातगाडीवर इस्त्री करणारा कपड्यांवर पाणी शिंपडत होता. तो खुदकन हसला आणि लगेच मान खाली घालून एक बाही जरा जास्तच दाबायला लागला.

मॅनेजरने केरसुणीचा दांडा विटेला टेकवला. ढकलला नाही, नुसता टेकवला. मी पाय लांब करून चप्पल विटेवर ठेवली. शेजारची मशीन चालूच होती. एक लांब शिवण, मग थांबा, मग पुन्हा शिवण. तेवढ्यात मोटरसायकल वळली आणि हवालदार उतरला. मॅनेजरने केरसुणी पाठीमागे घेतली.

हवालदार थकलेला दिसत होता. त्याने आधी मला समजावून पाहिलं. "ताई, साधा अर्ज द्या, मी पुढे पाठवतो. कुत्र्याला पुरून टाका. कशाला जिवाला त्रास?"

"गुन्हा नोंदवा, जागेचा पंचनामा करा, हा तुकडा सीलबंद करून तपासणीला पाठवा आणि दवाखान्याला पत्र द्या," मी म्हणाले. हे सगळं मी येताना वाटेत घोकून ठेवलं होतं.

"वकील आहात?"

"नाही. पाणी तपासते."

"मग पाण्यासारखं सोपं करा की जरा." आपल्याच विनोदावर तो हसला, मग सुस्कारा सोडून कागद काढले. "पंच कुठायत? बाहेरची दोन माणसं लागतात. त्यांच्यासमोर उचलायचं, त्यांनी सही करायची. पंच नाहीत तर मी हात लावणार नाही."

मी इस्त्रीवाल्याकडे बघितलं.

"ताई, माझी हातगाडी त्यांच्या भिंतीला टेकलेली आहे," तो मॅनेजरकडे न बघता म्हणाला. "उद्या कुठे टेकवू?"

समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावरची खिडकी लागली. तिथल्या नर्सताई मघापासून बघत होत्या.

"मी होतो की पंच," मॅनेजर म्हणाला. "जबाबदार नागरिक आहे मी. पहिल्यांदा हेच लिहा, की कुत्रं म्हातारं होतं."

"तीन वर्षांची होती," दाराआडून मावशीचा आवाज आला.

हवालदाराने घड्याळ बघितलं. "चहा पिऊन येतो. तोवर पंच मिळाले तर ठीक, नाहीतर अर्ज द्या." निघता निघता त्याने बुटाच्या टोकाने वीट सरकवली आणि काठीने घमेलं उचललं. नाक मुरडून त्याने काठीनेच गोळा पलटी केला.

खालच्या बाजूला दोरा होता. मांस कापून, आत काहीतरी भरून, वरून दोऱ्याने गच्च बांधलेलं. जाड, हिरवा दोरा. मेणामुळे तो उन्हात चमकला.

शेजारची मशीन थांबली.

हवालदार आता वाकून बघत होता. चहा राहिला. "बांधलंय की व्यवस्थित," तो पुटपुटला आणि त्याने खिशातून कागदी पाकीट काढलं. "सील करायला लाख आहे माझ्याकडे. हे बांधायला दोरा आहे का कुणाकडे?"

मॅनेजरीणबाई दारात येऊन उभी होती. तिची नजर गटाराच्या कडेला होती. ती आत गेली.

"अगं, तू कुठे?" मॅनेजर म्हणाला. "तुझं काय काम इथे? आत थांब."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात हिरव्या दोऱ्याचं रीळ होतं. तिने ते आमच्या पायरीवर ठेवलं, अगदी सरळ उभं, आणि म्हणाली, "हे घ्या."

हवालदाराने सवयीने हात पुढे केला.

"त्याने नका बांधू," मी म्हणाले. "ते रीळ वेगळ्या पाकिटात घाला. दोन्ही एकत्र नकोत."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग रिळाकडे, मग गोळ्याकडे. शेवटी मॅनेजरकडे.

"बाजारात असली हजार रिळं मिळतात," मॅनेजर म्हणाला.

"मिळतात की. म्हणूनच दोन्ही पाठवतो," हवालदार म्हणाला. "दोरा तुमचा, बाई?"

"मशीनवरचा आहे." तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. "काल संध्याकाळी रीळ जागेवर नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाले, तुला काय करायचंय."

"घरात चल."

"विचारतायत ते, तेवढं सांगते आणि येते."

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली, हात पँटला पुसले आणि हातगाडी ओढत आमच्या भिंतीपाशी आणून लावली. "सही कुठे करायची, साहेब?" वरची खिडकी उघडली आणि नर्सताई म्हणाल्या, "थांबा, चष्मा घेऊन खाली येते."

पंचनामा लिहायला वेळ लागला. हवालदार मोठ्याने बोलत लिहीत होता आणि मी मध्ये मध्ये टोकत होते, मुंग्या लिहा, दातांच्या खुणा लिहा, घमेलं मी घातलं तेही लिहा. "ताई, पेन तुम्हीच घ्या ना," तो वैतागून म्हणाला, पण लिहिलं सगळं. पाकिटं त्याने इस्त्रीवाल्याकडच्या सुतळीने बांधली. दवाखान्याचं पत्र दिलं. मॅनेजरला म्हणाला, "तुम्ही चौकीवर या. जबाबदार नागरिक आहात ना."

हे सगळं कोर्टात टिकेल का, मला माहीत नव्हतं. रीळ जागेवर नसणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे. पण लाखेखाली आता दोन पाकिटं होती आणि ती उघडायचा अधिकार मला नव्हता, याचं मला बरं वाटलं.

पत्र घेऊन मी आत गेले. काडीला काय करायचं, हे मी विचारणार नव्हते. तेवढा धीर उरला नव्हता.

मावशीने चादरीची चारही टोकं बांधून गाठोडं केलं होतं. ते तिने बाळासारखं खांद्याशी धरलं होतं.

"मी नेते," ती म्हणाली. "मी धुतली, मीच नेईन. तू गाडी बघ."

मोरीतून लंगड्या भुंकला. तिने वळून त्याला गप्प केलं आणि उंबऱ्यावर थांबली.

"तिथल्या डॉक्टरला सांगायचं का गं, मी आंघोळ घातली म्हणून?"

"सांगायचं. साबण कोणता, तेही सांग."

"रागावतील?"

"रागावू देत," मी म्हणाले. "लिहून घेतील ना, तेवढं बास."