दोन गळ्यांचा मफलर

मी मफलर बोलतोय. म्हणजे अर्धाच. बाकीच्या अर्ध्याचं काय झालं ते ऐकाल तर तुमचंही डोकं फिरेल.

थोरला पोटात होता तेव्हा आईनं मला सुईवर घेतलं. पुढं दर हिवाळ्याच्या सुट्टीत, वर्ष सरताना, ती मला वीतभर वाढवायची. बरं वर्ष गेलं तर लाल लोकर, वाईट गेलं तर राखाडी. होता होता मी एवढा लांबलो की बाकावर बसलेल्या अख्ख्या घराला पुरायला लागलो. एका टोकाला थोरला, दुसऱ्याला धाकटा, मधे आईबाप. चौघं माझ्यात गुंडाळून चहा प्यायचे आणि सरत्या वर्षाला शिव्या घालायचे. बाप म्हणायचा, "हलू नका रे गाढवांनो, फास बसेल."

यंदा बाप गेला. दवाखान्यात, एकटा. थोरल्याला वाटलं धाकटा बसलाय उशाशी. धाकट्याला वाटलं थोरला. दोघं आपापल्या घरी झोपलेले. तेव्हापासून भांडण. दोघांचं गॅरेज एकच, पण पाना हवा असला तरी गिऱ्हाइकाच्या तोंडून मागतात. माणसाची ही तऱ्हा बघून माझी लोकर पेटते.

सुट्टी लागली. दोघं आले, बाकाच्या दोन टोकांना बसले, तोंडं दोन भिंतींकडं. मला वाटलं, आई राखाडी लोकर काढणार.

तिनं कात्री काढली.

कचकन. मला आधी कळलंच नाही काय झालं ते. जिनं वीत वीत करून वाढवलं, तिनंच मधोमध कापलं.

"घ्या एकेक तुकडा," आई म्हणाली. "कापलेलं उसवत जातं. टाके बंद करून हवे तर दोघं मिळून या. एकट्याला दार उघडणार नाही."

दोघांनी एकेक तुकडा उचलला.

मी थोरल्याच्या गळ्यात आलो. रोज थोडा थोडा सुटायचो. तो धागा कॉलरीत खुपसायचा. बायको म्हणाली, गाठ मारून देते, तर तिच्यावरच खेकसला.

आज तो आईच्या दारात येऊन उभा राहिला. कडी वाजवायची हिंमत नाही. तेवढ्यात मागून धाकटा आला. गळा उघडा, आणि हातात लोकरीचा गोळा.

मी गार पडलो. अहो, तो गोळा म्हणजे मीच की!

"रागारागानं ओढत बसलो. संपला," धाकटा म्हणाला. तेही दाराकडं बघून, भावाकडं नाही.

आईनं दार उघडलं. दोघांना आत घेतलं, माझे सुटे टाके उचलून सुईवर चढवले, गोळा मांडीत ठेवला. आणि हात थांबवून बसलीय. विणत नाही, बोलत नाही. नुसती दोघांकडं बघतेय.

अरे बैलांनो, बाप गेला तो गेला. माझा जीव इथं सुईवर टांगलाय. कुणीतरी एकानं तोंड उघडा. "मी झोपलो होतो," एवढंच म्हणा की रे.