तळ्यात टाकलेल्या गोळ्या

बंगालातल्या फुलिया गावात निबारण बसाकचा हातमाग आणि माझा माग एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होते. त्याचा धोटा वाजायला लागला की माझेही हात चालायचे. पन्नाशीच्या आतच त्याच्या बोटांचे सांधे सुजले. सकाळी मूठ वळायची नाही. त्याची बायको, सुरबालावहिनी, कोमट पाण्यात त्याचे हात धरून बसायच्या, तेव्हा कुठे दुपारी तो मागावर यायचा.

मग बाजारातल्या गोपेश कंपाउंडरने त्याला कागदाच्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या बांधून दिल्या. आठवड्यात गुण आला. भिंतीपलीकडून धोट्याबरोबर निबारणदाचं गुणगुणणंही ऐकू येऊ लागलं. त्याने पुन्हा बारीक नक्षीची जामदानी साडी विणायला घेतली. वहिनी गोपेशसाठी घरचं खजुराच्या गुळाचं पक्वान्न घेऊन गेल्या.

पुडी संपली की नवी यायची. अशी दोन-तीन वर्षं गेली. निबारणदाचा चेहरा गोल गरगरीत झाला. चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, "काय रे, सासुरवाडीला राहून आलास वाटतं?" तो हसून म्हणायचा, "बायकोच्या हातच्या माशाचा गुण." पण हातपाय काटक्यांसारखे झाले होते. मागाची फळी नुसती लागली तरी कातडीखाली निळं-काळं साकळायचं. रक्तात साखर निघाली. एका हिवाळ्यात खोकल्याच्या उबळीने त्याची बरगडी मोडली.

राणाघाटच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टा बांधून दिला. गोळ्यांचं त्यांना कुणी सांगितलंच नाही. सांधेदुखीचं साधं औषध, त्यात सांगायचं काय? बाहेर बाकावर एक बाई भेटली. वहिनींच्या पिशवीतली पुडी बघून ती म्हणाली की, असल्याच गोळ्यांनी तिच्या बापाची हाडं भुसभुशीत झाली.

घरी येताच वहिनींनी पुडी तळ्यात रिकामी केली. उशीखाली ठेवलेल्या दोन गोळ्याही निबारणदाने काढून दिल्या.

दुसऱ्या दिवसापासून सांधे पेटले. मग अन्न जाईना, पाणीही उलटून पडायला लागलं. उठून बसला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी बघायला गेलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. वहिनींना हळूच म्हणाला, "एक गोळी असली तर दे गं."

वहिनी त्याच्या पायांना तेल चोळत होत्या. म्हणाल्या, "थोडा दम धरा. ते विष आहे, उतरतंय अंगातून."

तिसऱ्या दिवशी सकाळी तो शुद्धीवर नव्हता. आम्ही त्याला टोटो रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आता गोळ्यांचं विचारलं, आणि वहिनींनी सगळं सांगितलं. सलाईन लावलं, सुया दिल्या. दुपार कलताना निबारणदा गेला.

डॉक्टरीणबाई वहिनींना बाजूला घेऊन बसल्या. शरीर स्वतः जो रस बनवतं, त्याच्यासारखाच ह्या स्टेरॉइडच्या गोळ्यांत कारखान्यात बनवलेला असतो, असं त्यांनी सांगितलं. बाहेरून रोज मिळायला लागला की शरीर आपला बनवायचं थांबतं. म्हणून गोळी एकदम सोडायची नसते, थोडी थोडी उतरवायची असते.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांनी मागितली होती. तेव्हा दिली असती तर?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात हातात घेतला.

गोपेश श्राद्धाला आला होता, दारातूनच परत गेला. त्याचं दुकान अजून चालतं. निबारणदाचं ऐकून घाबरलेल्या बायका आपापल्या पुड्या घेऊन वहिनींकडे येतात. वहिनी त्यांना आधी बजावतात की फेकू नका, बंद करू नका. मग पदर खोचून त्यांच्याबरोबर राणाघाटच्या गाडीत बसतात. वाटेत कुणीतरी विचारतंच, तुम्हाला हे कसं ठाऊक? दर वेळी त्या खरं तेच सांगतात. संध्याकाळी परत आल्या की बराच वेळ त्यांच्या घरातून आवाज येत नाही. मीही तेवढा वेळ माग थांबवतो.