वाकलेल्या माना

पाणी घालायला ताईने ट्रे स्वयंपाकघरात आणला, दिवा लावला आणि तिचा हात बटणावर तसाच राहिला. घेवड्याची रोपं हिरवी होती.

तिने एक पान चिमटीत धरून उलटून पाहिलं. शंकेला जागा नव्हती. ट्रे धाकटीच्या खोलीतला. ऊन लागून धाकटीच्या अंगावर फोड उठले, त्याला आता काही वर्षं झाली. तेव्हापासून त्या खिडकीला काळा कागद आणि वर जाड पडदा होता. "सोबतीला काहीतरी जिवंत दे गं," म्हणून तिने हट्ट धरला, तेव्हा ताईने या बिया रुजवल्या आणि आधीच बजावलं, रोपं पिवळी येतील, लांबुडकी, मान खाली घातलेली. पेशींतले कण उजेडाची वाट बघत फिकेच राहतात. उजेड लागला की हिरवे होतात, आणि रोप मान वर करतं.

"आणि परत अंधार केला तर?" धाकटीने विचारलं होतं.

"पान पिवळं पडेल. पण एकदा वर आलेली मान पुन्हा वाकत नाही."

म्हणजे आपण कामावर गेलो की खिडकी उघडते.

जेवण नेताना ताईने हिरव्या मंद उजेडाची बॅटरी धाकटीच्या मनगटावरून फिरवली.

"काय बघतेस?"

"डास चावलाय का ते."

"एवढ्या अंधारात डासाला तरी मी कशी दिसेन?" धाकटी हसली.

मनगट गुळगुळीत होतं. एकही फोड नाही. ताईला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं, आता थोडा थोडा उजेड देऊन बघा. ते धाकटीला सांगायचं ती लांबणीवर टाकत आली होती. आधी थंडी येऊ दे, मग थंडी सरू दे. धाकटी खोलीबाहेर पडली की घराबाहेरही पडणार, आणि मग संध्याकाळी कुलूप उघडून आपण कुणाकडे यायचं? याच्या पुढे विचार जात नसे.

दुसऱ्या दिवशी कामावर, प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीतून तिने पिवळ्या घेवड्याचा ट्रे उचलला आणि काळ्या कापडात गुंडाळला.

"घरीही अंधार, इथेही अंधार," सहकारीण म्हणाली. "बाई, एक दिवस तुम्हाला बुरशी येणार."

धाकटी न्हाणीघरात होती तेवढ्यात ताईने ट्रे बदलला. खिडकीच्या कागदाची कड सुटली होती, तिच्यावर नवी चिकटपट्टी दाबून बसवली. पिवळी रोपं खोलीत असली की काही घडलंच नव्हतं.

धाकटी केस पुसत आली. अंधारात न चाचपडता खुर्चीवर बसली, आणि सवयीने तिची बोटं ट्रेकडे गेली. एका रोपावरून दुसऱ्या रोपावर. मग थांबली.

"ताई, सकाळी यांच्या माना वर होत्या."

धाकटीची बोटं पुन्हा पहिल्या रोपावर गेली.

"आता सगळ्यांच्या खाली आहेत."

"अगं, असं होतं कधी कधी."

"नाही होत. तूच सांगितलंस."

खुर्ची सरकली. धाकटीचा ओला, गार हात ताईच्या खांद्यावर आला आणि त्याने तिला हलकेच खुर्चीत बसवलं. मग ट्रे मांडीवर आला.

"बस जरा. मी चहा करते."

"अगं, बाहेर दिवा आहे!"

"माहीत आहे."

दार उघडलं. उजेडाचा पट्टा ताईच्या पायांवर पडला, अरुंद झाला, मिटला. वाऱ्याने दार उघडू नये म्हणून ताईनेच बाहेरून बसवलेली कडी सरकल्याचा आवाज आला.

"अगं!"

"थांब गं थोडी," पलीकडून धाकटी समजुतीच्या सुरात म्हणाली. तो सूर ताईचाच होता. "सवय होते."

स्वयंपाकघरात कपांचा किणकिणाट झाला. धाकटी काहीतरी गुणगुणत होती. दाराखालची उजेडाची रेघ ताईच्या पायांपर्यंत पोहोचत नव्हती. तिने ट्रे गुडघ्यांवर थोडा पुढे, त्या रेघेच्या दिशेला सरकवला.