सद्गृहस्थांचा करार

किनाऱ्यावरच्या पेलिकानोस या फुटबॉल क्लबात नाबोर किंतानाची डॉक्टरी तपासणी झाली. गुडघे वाकवून पाहिले, छातीला तारा लावून पट्ट्यावर पळवलं, आणि शेवटी चार नंबरची जर्सी घालून फोटोसुद्धा काढला. फोटोवाली पोरगी म्हणाली, "हसा की जरा!" तेव्हा तो हसला. बचावपटूनं जर्सीत हसायचं नसतं, असं सतरा वर्षं मानणारा माणूस तो.

तेवढ्यात क्लबचा अध्यक्ष दार लोटून आत आला.

"जर्सी काढ, नाबोर. तुझ्या जुन्या क्लबातून फोन आला."

"कुणाचा फोन? माझा करार जूनमध्येच संपला. मोकळा आहे मी."

"कागदावर मोकळा आहेस. कागदाला विचारतं कोण?"

यापुढं बोलण्यासारखं काही नव्हतं. करार संपला तरी जुन्या क्लबानं मान हलवल्याशिवाय दुसरा क्लब खेळाडूला दारात उभं करत नाही. हे मालकामालकांचं आपसातलं. कुठं लिहिलेलं नाही, कुणी कबूल करत नाही, आणि पाळतात सगळे. त्याला ते सद्गृहस्थांचा करार म्हणतात. गुरांच्या बाजारातले दलाल निदान स्वतःला सद्गृहस्थ म्हणवून घेत नाहीत.

खेळाडूंची नोंदणी शुक्रवारी बंद होणार होती. हा सोमवार. तेहतिसाव्या वर्षी एक हंगाम घरी बसलेल्या बचावपटूला पुन्हा कोणी बोलावत नाही. पुढं खेळणारा वर्षभर झोपला आणि एक गोल मारला तरी त्याचे पोस्टर लागतात. मागं खेळणारा दिसतो तो फक्त चुकला की. बसलेला तर मेलाच.

तरी बसनं डोंगर चढून घरी येताना नाबोर घाबरला नव्हता. कारण त्याच्या जुन्या क्लबात, आल्फारेरोसमध्ये, खेळाडू घ्यायचे-सोडायचे हे बघणारा माणूस होता रोसेंदो बार्सेनास. अकरा वर्षं रोसेंदो गोलात आणि नाबोर त्याच्यापुढं. मागून हाक आली की नाबोर वळून न बघता सरकायचा. एकदा कॉर्नरला रोसेंदोची मूठ चेंडूऐवजी नाबोरच्या नाकावर बसली, तर रोसेंदोच रडत रडत त्याला दवाखान्यात घेऊन गेला. नाबोरच्या लेकीला बाप्तिस्म्याला हातावर धरलं ते रोसेंदोनंच. तेव्हापासून दोघं कोम्पाद्रे झाले, लेकीचा बाप आणि धर्मबाप या नात्यानं बांधलेले. अरेतुरे संपलं, एकमेकांना अहोजाहो करू लागले. दोस्ताशी भांडता येतं, भावाला कोर्टात खेचता येतं. कोम्पाद्रेवर संशय घेणं म्हणजे देवासमोर दिलेल्या शब्दावर थुंकणं. त्या मुलखात तसं कोणी करत नाही. नाबोरनंही केलं नाही, आणि तिथंच तो मेला.

"या या, कोम्पाद्रे! कोमाद्रे एदेल्मिरा काय म्हणतात? माझी धर्मलेक?" रोसेंदो खुर्चीतून उठून गळ्यात पडला. "फोन मालकांनी केला हो. मला मागाहून कळलं, आईशप्पथ."

"मग सोडवा मला."

"सोडवतो ना. त्या उबाल्दोनं घोळ घातलाय."

उबाल्दो म्हणजे आल्फारेरोसचा तरुण विंगर, कडेनं पळणारा. त्यालाही असंच अडवलं होतं. पोरगं थेट कामगार न्यायालयात गेलं, आणि जाता जाता वर्तमानपत्रांना सगळं सांगून गेलं.

"मालक पेटलेत," रोसेंदो म्हणाला. "तुम्ही गुरुवारी पत्रकारांसमोर माझ्या शेजारी बसा आणि सांगा, असला काही करार नसतोच. तुमचा शब्द लोक मानतात. शुक्रवारी तुम्ही समुद्रावर मासे खात असाल."

"म्हणजे जे मला अडवतंय ते नाहीच असं मी सांगायचं, मग ते मला सोडणार?"

"वकील कधी झालात, कोम्पाद्रे?" रोसेंदो हसला. "माझा शब्द आहे."

गुरुवारी सकाळी बायको, एदेल्मिरा, त्याच्या सुटाला इस्त्री करत होती.

"आणि उबाल्दोचं काय?"

"तो लहान आहे. त्याला अजून वेळ आहे."

"हे तू बोलतोयस की रोसेंदो?"

"माझा कोम्पाद्रे आहे तो."

"माझाही आहे. म्हणूनच विचारते. इतका आपला आहे, तर तुला सुटात घालून खोटं कशाला बोलायला लावतोय?"

नाबोरनं तिच्या हातातून कोट ओढून घेतला.

पत्रकारांसमोर त्यानं पाठ केलेलं म्हणून टाकलं. इतकी वर्षं खेळलो, असला करार कधी ऐकला नाही. उठणार तेवढ्यात मागून एकानं विचारलं, "मग उबाल्दो खोटं बोलतोय का?"

हे ठरलेलं नव्हतं. टेबलाखाली रोसेंदोनं त्याचा गुडघा दाबला.

"त्याचं त्याला माहीत," नाबोर म्हणाला. "मला तरी कोणी अडवलेलं नाही."

बाहेर येऊन त्यानं गाडीतूनच पेलिकानोसच्या अध्यक्षाला फोन लावला. "साहेब, पेटी भरू का?"

"कसली पेटी? तुझी जागा सोमवारीच गेली. उरुग्वेचा पोरगा घेतला."

"रोसेंदो म्हणाला होता..."

"अरे, रोसेंदोनंच दिला तो! तुला सोडू नका म्हणून पहिला फोन त्याचा, आणि त्याच दुपारी ह्याचं नाव सुचवणारा दुसराही त्याचाच. त्याचा मेव्हणा खेळाडूंची दलाली करतो, पोरगा त्याच्याकडचा. तुला ठाऊक नव्हतं?"

रविवारी रोसेंदोच्या अंगणात तांब्याच्या कढईत डुकराचं मांस तळलं जात होतं. सगळं गणगोत जमलेलं. रोसेंदो मोठा लाकडी उलथणा घेऊन घामाघूम.

"या कोम्पाद्रे! मक्याच्या तोर्तिया गरम आहेत."

"फोन तू केलास."

"हळू बोला. पोरं आहेत."

"ऐकू दे. माझी जागा मेव्हण्याच्या माणसाला दिलीस."

रोसेंदोनं उलथणा कढईवर आडवा ठेवला. आवाज चढवला नाही त्यानं. "दिली. तुमचं राहिलं होतं किती? एक वर्ष. फार तर दीड. मला अजून वीस वर्षं ह्या लोकांत काढायचीत."

"तोंडावर सांगायचं होतंस. बाजूला झालो असतो."

"झाला असतात?"

नाबोरला खोटं बोलवेना. "नसतो झालो. पण त्या उबाल्दोच्या तोंडावर तरी थुंकलो नसतो. ते तू करवून घेतलंस, आणि त्याच्या बदल्यात द्यायला तुझ्याकडं काहीच नव्हतं."

"ते मालकांना हवं होतं. नाहीतर माझ्यावर आलं असतं," रोसेंदो म्हणाला. मग कढईतला चांगला तुकडा निवडून तोर्तियात घालून पुढं केला. "खाऊन तरी जा."

नाबोर तसाच निघाला तो थेट उबाल्दोच्या घरी. दार त्याच्या मावशीनं उघडलं.

"उबाल्दो नाही घरात."

"विचार त्याला, कशाला आलाय!" आतून उबाल्दोच ओरडला.

नाबोर उंबऱ्याबाहेरूनच बोलला, "न्यायालयात येतो तुझ्याबरोबर. गुरुवारी बोललो ते खोटं होतं, असं सांगतो."

"ते गुरुवारचं दाखवतील सगळ्यांना. तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार आता?"

"कोणी नाही."

"मग काय उपयोग?"

"माहीत नाही. पण येणार."

आत रेडिओचा आवाज मोठा झाला. मावशीनं एकदा त्याच्याकडं, एकदा आत बघितलं, आणि दार लावून घेतलं. नाबोर उबाल्दोची वाट बघत पायरीवर बसला. आतून कडी वाजली, ती घातल्याची की काढल्याची, हे त्याला कळलं नाही. तो उठला नाही.