पाचवी पिशवी

मित्रांनो, मी मांजरपाटाची एक जुनी पिशवी आहे. माझ्यातून कधी भाजी आली नाही. अमेरिकेत, माँटानाच्या डोंगरात लोक वर्षातून एकदा एल्क मारतात. हा सांबरासारखा, पण घोड्याएवढा प्राणी. त्याचं मांस डोंगरावरून खाली आणायचं, हे माझं काम.

मला इंगाने शिवलं. दुकानात ती ताग्याचं टोक तोंडाशी धरून फुंकर मारायची. फुंकर पलीकडे हाताला लागली पाहिजे, तरच मांसाची ऊब बाहेर पडते. मग कापड उजेडाकडे धरायची. वीण इतकी दाट हवी, की माशीला आत अंडी घालता येऊ नयेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत मांस कोंडतं आणि हाडापाशी आंबतं. एका शेजाऱ्याचं अख्खं जनावर तसं वाया गेलं होतं. पुढे वर्षभर गावात कोणी त्याच्याशी धड बोललं नाही.

आम्ही पाच बहिणी होतो. चार पायांना चौघी आणि पाठीच्या मांसाला मी. पाठीचं मांस सगळ्यात मऊ. बावीस वर्षं मी ते वाहिलं. दर वेळी इंगा आम्हाला आधी गार पाण्यात भिजवायची, मग उकळायची आणि वाऱ्यावर वाळवायची. साबण मात्र कधी लावला नाही. त्याचा वास मांसाला लागतो.

बाकीच्या चौघी एकेक करून फाटल्या. मग इंगा गेली. तिच्या नवऱ्याने, अर्लिंगने, मला तिच्या कपड्यांच्या पेटीत ठेवलं. कपड्यांच्या घड्यांमध्ये तिच्या अंगाच्या साबणाच्या वड्या होत्या. त्या वासाने मी भरून गेले. पुढे कपडे आणि वड्या चर्चमध्ये वाटायला गेल्या. पेटीत मी एकटी उरले. दर रविवारी अर्लिंग पेटी उघडायचा, मला नाकाशी धरायचा आणि परत ठेवायचा. त्या घरात इंगाचा वास आता फक्त माझ्यात होता.

सप्टेंबरात तो शिकारीला निघाला. बरोबर इंगाची बहीण मार्गिट आणि दोन खेचरं. सामान बांधणं नेहमी इंगाकडे असायचं. अर्लिंगने चार पाय मोजले आणि चार नव्या पिशव्या घेतल्या. मला त्याने कोटाच्या आत ठेवलं, पण कामासाठी नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी एल्क मिळाला. दहा वाजता ऊन भर उन्हाळ्यासारखं तापलं. चारही पाय पिशव्यांत घालून सावलीला टांगले. पाठीचं मांस फांद्यांवर उघडं राहिलं आणि माश्या आल्या.

"भाऊजी, पाचवी पिशवी कुठाय?" मार्गिटने विचारलं.

"पाय चारच असतात."

"आणि पाठ काय खिशात घालून नेणार?"

अर्लिंग शर्टाची बटणं काढू लागला.

"राहू द्या! तीन दिवसांचा घाम आहे त्याला. खेचरंसुद्धा तुमच्यापासून लांब उभी राहतात." मग तिला माझं टोक दिसलं. "कोटातून काय डोकावतंय?"

"काही नाही."

"काही नाहीला शिवण असते होय?"

त्याने मला बाहेर काढलं. मार्गिटने वास घेतला आणि तिची थट्टा थांबली.

"इंगाचा साबण."

"हं."

"असंच मांस भरलं, तर हिवाळाभर साबण खावा लागेल, भाऊजी."

"धुतली की वास जाईल."

"हो. जाईल." तिने हात पुढे केला. "मी धुऊ का?"

"नको."

मांसावर आणखी दोन माश्या बसल्या. अर्लिंगने त्या हाताने उडवल्या आणि मला घेऊन ओढ्यावर गेला. त्याने मला दगडावर आपटलं, पिळलं, नाकाशी धरलं. वास होता. पुन्हा आपटलं. तरी थोडा होता. तिसऱ्या खेपेला त्याने मला बराच वेळ नाकाशी धरून ठेवलं. मग चौथ्यांदा धुतलं. त्या वेळी वास घेतला नाही. अर्लिंग तसाच वर आला. मार्गिट खेचराचा पट्टा आवळत होती, तिने मान वळवली नाही. मी ओली असतानाच त्याने माझ्यात मांस भरलं आणि तोंड बांधलं.

रविवारी मार्गिटने ते मांस लोण्यात, कांद्याबरोबर परतलं.

"कसलाही वास नाही," ती म्हणाली.

"नाही," अर्लिंग म्हणाला, आणि ताटलीतलं सगळं संपवलं.

मित्रांनो, आता मी त्या चार नव्या पिशव्यांबरोबर खिळ्यावर असते. त्या चांगल्या आहेत, माझ्यापेक्षा हलक्या आहेत. तुमच्या घरातही कोणीतरी शिवलेलं, विणलेलं, घडवलेलं काही पेटीत पडून असेल. ते बाहेर काढा. वापरा, धुवा, वाळवा. माझी शिवण एक दिवस उसवणारच आहे. ती मांसाच्या भाराने उसवू दे.